पाणी पाचव्या दिवशी, अहवाल चौथ्या दिवशी: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका हौदाचं प्रकरण

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनीतून शंभर किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीने, टाकळीच्या उपशातून आणि हिप्परग्याच्या तलावातून शहराला पाणी मिळतं, पण घरातल्या नळाला ते बऱ्याचदा चार-पाच दिवसांआड पोचतं. म्हणून इथल्या प्रत्येक घराचं खरं पाणीपुरवठा केंद्र म्हणजे त्याचा स्वतःचा हौद. पाणी शुद्धीकरण केंद्रातून कितीही स्वच्छ निघालं तरी लोक पितात ते हौदातलं, तेही दोन-तीन-चार दिवसांचं.

प्रकरण पूर्व भागातल्या एका तीन मजली इमारतीचं आहे. चोवीस घरं, जमिनीखाली वीस हजार लिटरचा सिमेंटचा हौद, गच्चीवर पाच-पाच हजार लिटरच्या दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. ही एकच एक इमारत नाही. यंत्रमागांच्या त्या गल्ल्यांमध्ये अशा इमारतींत जे वारंवार दिसतं ते एकत्र करून हे चित्र उभं केलं आहे, आणि पुढच्या वेळा व आकडे पद्धत कशी वाचायची हे कळावं म्हणून गोल केलेले आहेत. तक्रार नेहमीची: पाणी आलं की दोन-तीन दिवसांत पोरांना जुलाब सुरू होतात, आठवड्यात थांबतात, पुन्हा सुरू होतात. कोणी म्हणतं लाइनच खराब आहे, कोणी म्हणतं हौद धुतला नाही, कोणी म्हणतं गच्चीवर कबुतरं बसतात. तिघांचंही म्हणणं शक्यतेच्या कोटीतलं आहे, आणि तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत.

खरी अडचण अहवालाच्या वेळेची आहे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला की बहुनलिका पद्धतीत (अनेक नळ्यांत नमुना उबवून जंतूंची वाढ पाहायची) पहिल्या टप्प्याला २४ ते ४८ तास लागतात आणि खात्रीच्या टप्प्याला तितकेच आणखी. म्हणजे दोन ते चार दिवस. तोवर हौदाचा तळ दिसायला लागलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नवं पाणी येणार असतं. अहवाल ज्या पाण्याबद्दल बोलतो ते पाणी तोवर पिऊन झालेलं असतं. चोवीस तासांत रंग बदलणारी संच-बाटली वापरली तरी दूषित पाणी कुठून शिरलं हे शोधायला एका चक्रात एकच संधी मिळते, कारण पहिला निकाल पाहून दुसरा नमुना घ्यायचा तर नळाला पाणी आल्यावरची ती पहिली बादली पुन्हा पाच दिवसांनीच येते. इथे बायोसेन्सर, म्हणजे जैविक पदार्थाच्या मदतीने जंतू ओळखणारं साधन, कामाला येतो: पहाटे घेतलेल्या नमुन्याचं उत्तर त्याच संध्याकाळी.

पंधरा मिनिटांच्या पट्टीचा मोह

बायोसेन्सर म्हटलं की सर्वांत आधी समोर येते ती प्रतिपिंड (अँटिबॉडी) लावलेली पट्टी. थेंब टाका, पंधरा मिनिटं थांबा, रेघ उमटली तर ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू, आहे. पट्टी खोटी नसते, पण तिची कुवत पाहावी लागते. अशा पट्ट्यांना साधारणपणे दर मिलीलिटरला दहा हजार ते दहा लाख पेशी असल्याशिवाय रेघ उमटवता येत नाही. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ म्हणतं की पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिली नमुन्यात ई. कोलाय किंवा उष्णतासह कोलिफॉर्म (ई. कोलायच्याच गोतातले, उष्णता सोसणारे जंतू) सापडता कामा नये. आता हिशेब करा. दर मिलीला दहा हजार म्हणजे १०० मिलीत दहा लाख. हा आकडा कच्च्या सांडपाण्याच्या आसपासचा आहे, कारण घरगुती सांडपाण्यात १०० मिलीमागे दहा लाख ते एक कोटी ई. कोलाय असतात. गटाराचं पाणी दहापट पातळ करून दिलं तरी ही पट्टी कोरी राहू शकते, आणि कोरी पट्टी पाहून माणूस निर्धास्त होतो. अशी पट्टी नसलेली बरी.

दुसरा दोष अधिक छुपा आहे. प्रतिपिंड पेशीच्या कवचाला चिकटतं. पेशी जिवंत की मेलेली हे त्याला कळत नाही. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून सगळे जंतू मारले तरी त्यांची कलेवरं पाण्यात असतात आणि पट्टी त्यांनाही मोजते. डीएनए वाचणाऱ्या पीसीआरचंही तेच. क्लोरिनचा उपयोग झाला का, हाच आपला प्रश्न असेल तर मेलेल्यांना मोजणारं साधन उलट गोंधळ वाढवतं.

म्हणून या प्रकरणासाठी निवडला तो विकर (एन्झाइम) आणि विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) यांवर चालणारा सेन्सर, तोही थोड्या वाढीनंतर वाचायचा. कोलिफॉर्म जंतू दुधातली साखर फोडण्यासाठी बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं विकर बनवतात. त्याला पॅरा-अमायनोफेनिल-बीटा-गॅलॅक्टोपायरानोसाइड, म्हणजे पीएपीजी, हा पदार्थ दिला की ते त्यातून पॅरा-अमायनोफेनॉल सुटं करतं. हा सुटा झालेला पदार्थ कार्बनच्या विद्युतअग्रावर सहज ऑक्सिडाइज होतो आणि तेवढा प्रवाह वाहतो. जितके जिवंत जंतू, तितकं विकर, तितका प्रवाह. मेलेली पेशी वाढत नाही, म्हणून तासागणिक वाढणारा प्रवाह म्हणजे जिवंत जंतूंचाच पुरावा. बायोसेन्सरची मूळ कल्पना, विकर आणि विद्युतअग्र एकत्र बांधण्याची, क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली तेव्हापासूनची. नवी गोष्ट म्हणजे छापील पट्ट्या आणि हातात मावणारं मोजणी यंत्र.

साहित्य आणि मांडणी

नमुने इमारतीतून घेतले जातात, पण गाळणी आणि वाचन महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. जिन्याखाली टेबल मांडून हे करू नये. आपण जंतू लाखोंनी वाढवतो आहोत, हे विसरायचं नाही.

लागतं ते असं: २५० मिलीच्या निर्जंतुक बाटल्या, ४७ मिलीमीटर व्यासाचे ०.४५ मायक्रॉन छिद्रांचे गाळणकागद आणि हातपंपावर चालणारी गाळणी, तापमान धरून ठेवणारा ठोकळा, तीन विद्युतअग्रं छापलेल्या कार्बनच्या पट्ट्या, छोटा पोटेन्शिओस्टॅट (ठरलेलं व्होल्टेज लावून प्रवाह मोजणारं यंत्र), मायक्रोपिपेट. द्रावणांत लॉरिल सल्फेट असलेलं लॅक्टोजचं माध्यम (लॉरिल सल्फेट कोलिफॉर्म नसलेल्या बऱ्याच जंतूंना आवरतं), विकर तयार व्हायला उद्युक्त करणारं आयपीटीजी, पेशीचं कवच सैल करणारं पॉलिमिक्सिन-बी, आणि उणे २० अंशांवर ठेवलेलं पीएपीजी. पीएपीजी महाग आहे. ते एकदाच विरघळवून छोट्या कुप्यांत गोठवावं. तीच कुपी पुन्हा पुन्हा वितळवली तर पार्श्वभूमीचा, म्हणजे जंतू नसतानाही दिसणारा, प्रवाह चढत जातो.

बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं हवं: २५० मिलीच्या बाटलीला ३ टक्के द्रावणाचे ०.२ मिली. ते उरलेला क्लोरिन मारतं. ते नसलं तर प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात क्लोरिन आपलं काम करतच राहतो, आणि बाटलीत मेलेले जंतू नळाच्या खाती चांगले गुण म्हणून जमा होतात. नमुना घेताना बाटली खंगाळायची नाही, नाहीतर थायोसल्फेट वाहून जातं. हे सांगूनही लोक खंगाळतात. हात सवयीने चालतो. बाटलीवर लाल पट्टी चिकटवली की जरा आळा बसतो. वर दोन बोटं जागा सोडायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची, आणि शक्यतो सहा तासांच्या आत गाळायची. क्लोरिनची मोजणी मात्र जागीच, वेगळ्या ग्लासात. गावोगावी अजून ओटी टेस्ट चालते, पण ऑर्थोटोलिडीन घातक पदार्थ आहे. क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी करणारी डीपीडीची गोळी वापरावी, तो रंग वाचावा.

नमुने सहा. हौदातलं जुनं पाणी, नवं येण्याआधी, पहाटे साडेचारला. नळाला पाणी आल्यावरची पहिली बादली. त्याच नळाचं पंचवीस मिनिटांनंतरचं पाणी. हौद भरल्यावर त्यातलं नवं पाणी. गच्चीच्या टाकीचा निर्गम. आणि तळमजल्यावरच्या एका घरातल्या माठातलं पाणी. यांना जोडून दोन साक्षीदार: निर्जंतुक पाण्याची कोरी नळी, आणि १०० मिलीत दहाच्या आसपास निरुपद्रवी ई. कोलाय टाकलेली नळी. चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून असा ज्ञात वाण मागवता येतो. या दोन नळ्या वगळून चाचणी केली तर निकालाला काहीच अर्थ उरत नाही. कोरी नळी सांगते की आपल्या हातून दूषितीकरण झालं नाही, आणि दहा पेशींची नळी सांगते की आज माध्यम, तापमान आणि पट्ट्या दहा पेशीसुद्धा पकडत आहेत.

पहाटे पाचपासून संध्याकाळपर्यंत

प्रत्येक नमुन्याचे १०० मिली गाळून घ्यायचे, गाळणकागद २० मिली निर्जंतुक बफरने (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणाने) धुवायचा आणि चिमट्याने गुंडाळी करून ५ मिली माध्यमाच्या नळीत सोडायचा. हे धुणं टाळू नये. पूर्व भागात बऱ्याच हौदांत बोअरचं पाणी मिसळलेलं असतं आणि त्यात क्लोराइड भरपूर. छापील पट्टीवरचं संदर्भ विद्युतअग्र चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचं असतं. त्याचा विद्युतदाब भोवतालच्या क्लोराइडवर ठरतो. क्लोराइड दहापट वाढलं तर साधारण ५९ मिलीव्होल्टचा फरक पडतो. आपण +०.२५ व्होल्टवर वाचतो आहोत असं समजत असतो आणि प्रत्यक्षात भलत्याच ठिकाणी वाचत असतो. कागद धुतला आणि वाचनाच्या बफरमध्ये ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड ठेवलं की सगळे नमुने एका पातळीवर येतात. जास्तीचं थायोसल्फेटही याच धुण्यात निघून जातं.

पहिल्या बादलीचं पाणी गढूळ असतं. त्याचे १०० मिली गाळायला गेलं की चाळीस-पन्नास मिलीतच कागद तुंबतो. मग जोरात पंप मारायचा नाही, कागद फाटतो. १० मिली नमुना ९० मिली निर्जंतुक बफरमध्ये मिसळून तो गाळायचा आणि नोंदवहीत ठळक लिहायचं: दहा मिली.

नळ्या आधी दोन तास ३६ अंशांवर, मग ४४.५ वर. पहिले दोन तास क्लोरिनने जखमी झालेल्या पेशींना सावरायला, थेट ४४.५ वर टाकलं तर त्यातल्या कित्येक पुन्हा उठतच नाहीत आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. ४४.५ कशासाठी, तर त्या तापमानाला विष्ठेतून आलेले उष्णतासह कोलिफॉर्म वाढतात आणि मातीतले, झाडपाल्याचे बरेचसे मागे पडतात. तापमान ०.२ अंशाच्या आत राखायला हवं. इथे सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. नुसता तापवणारा ठोकळा खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच ४१-४२ अंशांवर गेली की ३६ चा टप्पा कागदावरच राहतो आणि ४४.५ ला ठोकळ्याची ये-जा सुरू होते. वातानुकूलित खोली नसेल तर उन्हाळ्यात ही चाचणी करू नये, आणि वीज जाण्याच्या हिशेबाने इन्व्हर्टर जोडलेला असावा.

शून्य तासाला आणि मग तिसऱ्या तासापासून दर दीड तासाने वाचन. नळीतून १०० मायक्रोलिटर काढायचे, तितक्याच बफरात पीएपीजी आणि पॉलिमिक्सिन घालून त्यात मिसळायचे, १५ मिनिटं झाकून ठेवायचे. विकर पेशीच्या आत असतं, कवच सैल केल्याशिवाय ते पीएपीजीपर्यंत नीट पोचत नाही. मग ५० मायक्रोलिटरचा थेंब पट्टीवर, असा की तिन्ही विद्युतअग्रं झाकली जातील. थेंबाखाली बुडबुडा अडकला तर प्रवाह थरथरतो. पट्टी तिरपी धरून बघितलं की तो चकाकतो, लगेच दिसतो. +०.२५ व्होल्ट लावून ६० सेकंदांनंतरचा प्रवाह लिहायचा. मिश्रण उघडं ठेवलं तर पॅरा-अमायनोफेनॉल हवेनेच ऑक्सिडाइज होतं, द्रावण तपकिरी पडतं आणि प्रवाह घटतो. म्हणून आठही नळ्यांचे थेंब एकदम तयार करून रांगेत ठेवू नयेत. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू करावेत, म्हणजे प्रत्येकाला नेमकी १५ मिनिटंच मिळतात.

शून्य तासाला प्रत्येक नमुन्याच्या दोन पट्ट्या: एक पीएपीजीसह, एक त्याशिवाय. पीएपीजीशिवाय जो प्रवाह येतो तो पाण्यातल्या इतर पदार्थांचा, तो वजा करायचा. पीएपीजीसह शून्य तासालाच प्रवाह जास्त आला तर त्याचा अर्थ विकर आधीपासून हजर आहे. उजनीच्या पाण्यात शेवाळ असतं, आणि शेवाळ व काही वनस्पतिजन्य पदार्थांतही हे विकर आढळतं. फरक उतारावरून कळतो. शेवाळाचं विकर आहे तिथेच राहतं. जंतू वाढत असतील तर प्रवाह दर वीस-पंचवीस मिनिटांना दुप्पट होतो. एकटा आकडा पाहून निकाल देणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. सगळं मिळून दिवसाला पन्नासेक पट्ट्या जातात. खर्चाचा मोठा भाग हाच.

वेळ वाचायची, प्रवाह नव्हे

माध्यमात दर मिलीला सुमारे एक लाख पेशी झाल्या की प्रवाह पार्श्वभूमीच्या स्पष्टपणे वर चढतो. ती रेषा ओलांडायला किती वेळ लागला यावरून सुरुवातीला किती पेशी होत्या हे काढता येतं. ५ मिलीत मिलीमागे एक लाख म्हणजे एकूण पाच लाख. एका पेशीपासून तिथवर जायला १९ दुपटी लागतात. दुपटीला २३ मिनिटं धरली तर सव्वासात तास, त्यात सुरुवातीच्या सावरण्याचे दोन, म्हणजे सव्वानऊच्या आतबाहेर. सुरुवातीच्या पेशी दहापट जास्त असतील तर साधारण सव्वा तास आधी. हा सव्वा तास ध्यानात ठेवला की बाकीचं तोंडी जमतं.

जखमी पेशींना सावरायला जास्त वेळ लागतो, म्हणून या वेळेवरून निघणारी संख्या ढोबळच. दहा की शंभर हे सांगता येतं, चाळीस की साठ हे नाही. बारा तासांत रेषा ओलांडली नाही तर ‘सापडलं नाही’ असं लिहायचं, तेही दहा पेशींची नळी त्या दिवशी वेळेत ओलांडून गेली असेल तरच.

इमारतीचा दिवस असा दिसतो. दहा पेशींची साक्षीदार नळी आठ तासांनी ओलांडते, कोरी नळी बारा तास सपाट. म्हणजे चाचणी शाबूत. पहिली बादली साडेपाच तासांनी. हौदातलं जुनं पाणी तेही साधारण साडेपाचलाच. गच्चीची टाकी पावणेसहा. हौदातलं नवं पाणी सात. माठ पाच. पंचवीस मिनिटांनंतरचं नळाचं पाणी: बारा तासांत नाही, त्यात डीपीडीने ०.३ मिलिग्रॅम क्लोरिनही आहे, मानकातली किमान ०.२ ची अट पाळणारा.

पहिली बादली आणि जुना हौद सारखेच वाईट, असं पहिल्या नजरेला वाटतं. तसं नाही. बादलीचे आपण दहाच मिली गाळले होते. साडेपाच तास म्हणजे नळीत सुमारे हजार पेशी. दहा मिलीत हजार, तर १०० मिलीत दहा हजार. सांडपाण्याच्या तुलनेत हे शंभर ते हजार लिटरला एक लिटर गटार. कारणही समजण्यासारखं आहे: चार दिवस लाइन रिकामी, बाहेरच्या मातीत ड्रेनेजची ओल, सांध्याची पॅकिंग सैल. दाब नसताना ओल आत झिरपते. त्यात पाणी यायच्या वेळी गल्लीभर टिल्लू मोटारी थेट नळाला लागलेल्या असतात. त्या लाइन ओढून धरतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षाही खाली जातो. पंचवीस मिनिटांत हे सगळं धुऊन निघतं आणि मागून चांगलं पाणी येतं. म्हणजे लाइन दोषी आहे, पण फक्त पहिल्या काही मिनिटांपुरती. आणि बहुतेक इमारतींत तेच पहिलं पाणी आधी हौदात पडतं, कारण पाणी कधी जाईल याचा भरवसा नसतो.

इथवर आलेला माणूस लाइनवर बोट ठेवून थांबतो. पण हौदाचे दोन आकडे अजून बोलायचे आहेत. भरल्याबरोबर हौदात १०० मिलीमागे शंभरएक पेशी (सात तास), आणि जुन्या पाण्यात हजारभर (साडेपाच). जुनं पाणीही पाच दिवसांपूर्वी असंच भरलेलं होतं. अंधाऱ्या, अन्न नसलेल्या पाण्यात ई. कोलाय सहसा वाढत नाहीत, दिवसागणिक घटतात. इथे दहापट वाढले. म्हणजे हौद बंद असतानाही त्यात काहीतरी येत आहे. खात्रीसाठी याच भरलेल्या पाण्याचा नमुना चौथ्या दिवशी पुन्हा घ्यायचा. पाच-साडेपाच तासांनाच ओलांडला तर शंका उरत नाही.

हौद उपसून, गाळ काढून, भिंत कोरडी होऊ देऊन बॅटरीने पाहिलं की ते दिसतं. ड्रेनेजचं चेंबर हौदाच्या भिंतीपासून हात-दीड हातावर. त्या बाजूच्या भिंतीवर, तळापासून गुडघाभर उंचीवर, प्लास्टरला केसाएवढी चीर आणि तिच्याखाली पावलाएवढा काळसर ओला डाग. बाकी भिंत वाळून पांढरी पडली तरी हा डाग वाळत नाही. पुसला की अर्ध्या तासात पुन्हा ओला. चेंबरमध्ये फ्लुरोसीनचा हिरवा रंग ओतून वाट पाहिली तर पुरावा पक्का होतो. हौद भरलेला असताना आतल्या पाण्याचा दाब ओल बाहेर ढकलतो. पातळी चिरेच्या खाली गेली की उलटा प्रवास सुरू. म्हणूनच जुलाबाच्या तक्रारी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतरच्या.

गच्चीची टाकी हौदाच्या मागोमाग चालते, तिने स्वतःची भर घातलेली नाही. कबुतरं निर्दोष. माठ मात्र टाकीपेक्षा वाईट, पाऊण तास आधी ओलांडणारा. तिथे गुन्हेगार तांब्या आहे: माठात बुडणारा, बोटांसकट. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ, एवढंच लागतं.

दुरुस्ती

नळाच्या जोडणीवर हौदाच्या आधी टी बसवून दोन बॉल व्हॉल्व्ह: एक हौदाकडे, एक जमिनीवरच्या पिंपाकडे. पहिली पंचवीस मिनिटं पिंपाकडे. हे पाणी गटारात सोडा असं सांगणं सोलापुरात शोभत नाही आणि कोणी ऐकणारही नाही. ते संडासाला, फरशीला, झाडांना वापरायचं. पिंप ठळक रंगवलेलं असावं आणि त्याची तोटी स्वयंपाकघराच्या रस्त्यात नसावी.

चेंबर आतून अस्तर करून बंद करायचं, शक्य असेल तर हलवायचं. हौदाची चीर व्ही आकारात खोदून जलरोधक मसाल्याने भरून संपूर्ण आतून प्लास्टर. नुसती बाहेरून लिंपणं टिकत नाही. झाकणाची चौकट जमिनीपासून वीतभर उचलायची. मग हौद भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिन: ३३ टक्क्यांच्या टीसीएलने हजार लिटरला दीडशे ग्रॅम, म्हणजे वीस हजाराला तीन किलो. चोवीस तास ठेवून ते पाणी सोडून द्यायचं. तो दिवस पाण्याच्या चक्रात आधीच ठरवावा लागतो, नाहीतर चोवीस घरं कोरडी पडतात.

रोजच्या वापराच्या पाण्याला हजार लिटरमागे ५ ग्रॅम, भरलेल्या हौदाला १०० ग्रॅम. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळ ओतायची, अर्धा तास थांबायचं, मग डीपीडी. गडबड होते ती पावडरीच्या वयाने. पिशवी उघडी राहिली, दमट जागी ठेवली की क्लोरिन उडून जातो. वजन तेवढंच भरतं, ताकद निम्मी उरते. म्हणून ग्रॅमवर विसंबू नये, गुलाबी रंगावर विसंबावं.

दुरुस्तीनंतर दोन पाणी जाऊ देऊन चाचणी पुन्हा. हौदाचं नवं पाणी आणि चौथ्या दिवसाचं पाणी, दोन्ही बारा तासांत ओलांडत नाहीत. पहिल्या बादलीत फरक नाही, आणि तो अपेक्षितही नव्हता.

जे या सेन्सरकडून मागू नये

उष्णतासह कोलिफॉर्म हे विष्ठेच्या वाटेचे खबरे आहेत. ते नाहीत म्हणून विषाणू किंवा जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम यांसारखे परजीवी नाहीत असं होत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम तर नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नाही. महापालिकेकडे तक्रार नेताना सेन्सरचा आलेख पुरावा म्हणून चालत नाही, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. म्हणून प्रत्येक फेरीत निदान पहिल्या बादलीचा जोडनमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत द्यावा. चार दिवसांनी येणारा तो अहवाल इथे उशिराचा ठरत नाही, कारण दिशा आधीच कळलेली असते.

हीच पट्टी हॉटेलातल्या लिंबू सरबतावर किंवा ओल्या चटणीवर थेट लावू नये. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याच व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतं आणि जंतू नसताना पट्टी बोलते. चटणीतलं तेल आणि चोथा विद्युतअग्र बुजवतात आणि जंतू असताना ती गप्प बसते. अन्नासाठी आधी वजन करून संवर्धन, मग चुंबकी मण्यांनी जंतू वेगळे करणं, हा वेगळा खटाटोप आहे. साल्मोनेलासाठी तर २५ ग्रॅममध्ये एकही नको अशी अट असते.

दर पाण्याला बायोसेन्सर चालवणं इमारतीच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि गरजही नाही. नेहमीच्या राखणीसाठी हायड्रोजन सल्फाइडची बाटली पुरते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मंजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी: पाणी भरा, ठेवा, २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर संशय. सोलापूरच्या हवेत बहुतेक महिने तिला उबवणी यंत्रही लागत नाही. बाटली काळी पडली, किंवा पावसाळ्याचं पहिलं गढूळ पाणी आलं, की सेन्सरचा दिवस ठरवायचा. वापरलेल्या नळ्या, कागद आणि पट्ट्या १२१ अंशांवर १५ मिनिटं वाफवूनच टाकायच्या.

उरतो तो लाइनचा सांधा. तो इमारतीच्या हातात नाही, पण शोधता येतो. पुढच्या पाण्याला गल्लीतल्या चार घरांच्या नळांची पहिली बादली, एकाच मिनिटाला, प्रत्येकी दहाच मिली गाळून. वरच्या अंगाच्या घरांत रेषा ओलांडली जात नसेल आणि खालच्या घरांत जात असेल, तर गळका सांधा त्या दोन घरांच्या मधे आहे, आणि खोदाईला पन्नास फुटांऐवजी दहा फूट पुरतात.